बाळबाईचं एक मिनिट

जी बाई उभा जन्म रडली, ती गेली तेव्हा रेडिओकेंद्रातून तिच्या दाराशी काळं कुत्रंही फिरकलं नाही. कुत्र्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. केंद्रातल्या आवाजांच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, आणि त्यांतल्या एका फळीवर कुत्र्याचं भुंकणं आणि कुरकुरणारं दार यांच्या मधोमध तिचं रडणं ठेवलेलं होतं. कुत्र्याला निदान भुंकल्याबद्दल कुणीतरी बिस्किट टाकलं असेल.

तिचं काम असं होतं, की रेडिओवरच्या नाटकांत तान्ही मुलं रडायची ती हिच्या तोंडानं रडायची. पाळणा हलला, दाई धावली, सासू ओरडली, की मागे एक बाळ टाहो फोडायचं आणि घरोघरी बायका हातातलं काम सोडून म्हणायच्या, "अगं बाई, भूक लागलीय वाटतं त्याला!" ते बाळ म्हणजे ही. जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्यांनी बेजार, दोन मुलांची आई. केंद्रात तिला सगळे बाळबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं होतं, आणि हजेरी घेणाऱ्यालाही ते आठवत नसे.

तिची थोरली मुलगी पार्सल कचेरीत खिडकीवर बसायची. आईचा आवाज किनरा होता. थोरलीचा असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही आपलं पार्सल चुकीचं बांधलंय हे कळावं. आई काल सकाळी झोपेतच गेली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. नातेवाईक आले, बसले, चहा पिऊन गेले, आणि या सगळ्यात थोरलीच्या डोळ्याला टिपूस आलं नाही. मावशीनं दोनदा पाठीवरून हात फिरवला. "रड गं, मोकळी हो," ती म्हणाली.

"आधी एक काम आहे," थोरली म्हणाली.

ते काम काय, ते सांगायला केंद्राची एक रीत सांगावी लागेल. रेडिओवर ज्यानं ज्यानं हयात घालवली, तो कलावंत गेला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांआधी एक मिनिट त्याचं असे. निवेदक नाव सांगायचा, आणि मग त्या माणसाचा आवाज लावायचे. भाषण नाही, स्तुती नाही, नुसता त्याचा आवाज. लोक त्याला निरोपाचं मिनिट म्हणत. गाणारी गेली तेव्हा तिची तान लावली. हवामान सांगणारे वारले तेव्हा त्यांचंच जुनं बोलणं लावलं, "उद्या आकाश निरभ्र राहील." जन्मभर ज्यांनी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, भर पावसात छत्री न घेता निघून चिंब भिजले होते, तेसुद्धा त्या दिवशी डोळे पुसत होते.

बाळबाई हे मिनिट कधी चुकवत नसे. गुडघे कितीही धरलेले असोत, खुर्चीच्या हाताला धरून उठायची आणि ते संपेपर्यंत उभी राहायची. एकदा अशीच उभी असताना थोरलीकडे वळून म्हणाली, "माझ्या वेळी काय लावतील गं?"

"लावतील काहीतरी."

"काय लावणार? मी रडायला लागले की लोक म्हणतील, बंद करा तो रेडिओ, पोरगं उठेल." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसली. मग खाली बसताना, थोरलीकडे न बघता म्हणाली, "लावतील पण ना?"

"लावतील. मी बघते," थोरली म्हणाली होती. पार्सल कचेरीच्या खिडकीत बसून तिनं कितीतरी लोकांना 'मी बघते' सांगितलं होतं. हे मात्र मनापासून सांगितलं होतं.

म्हणून आज सकाळी ती चपला घालत होती, तेव्हा धाकटा भाऊ दारात आडवा आला. त्याच्या खांद्यावर त्याचं तान्हं होतं, दूध पिऊन तृप्त.

"ताई, जाऊ दे ना. कशाला त्यांच्या पाया पडायचं?"

"पाया पडायला कोण जातंय?"

"मग भांडायला जाणार. त्याहून वाईट. अगं, आईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही. आता तिच्या मागे आपण..."

"हात पसरत नाहीये मी. तिचं आहे ते मागतेय."

धाकट्याचंही एक दुखणं होतं. शाळेत त्याला रडूबाईचा मुलगा म्हणायचे. आई घरी सराव करायची तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून, मोठ्या पातेल्यात तोंड घालून रडायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. तो जायचाच. एकदा खालच्या मजल्यावरचे काका तणतणत वर आले होते, "एवढ्याशा जिवाला मारता? लाज नाही वाटत?" दार उघडलं तर समोर ही दोन्ही मुलं, चांगली धष्टपुष्ट, भाकऱ्या खात बसलेली, आणि आई पातेलं हातात घेऊन उभी. काकांनी घरभर तिसरं मूल शोधलं. शेवटी आईनं त्यांना एकदा रडून दाखवलं, तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. थोरलीला आठवून आजही हसू यायचं. धाकटा मात्र त्या दिवशी पलंगाखाली जाऊन बसला होता.

गंमत म्हणजे, घरात आईला खरं रडताना कुणी पाहिलं नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. शेजारणी कुजबुजल्या, ही कसली बायको. ती थोरलीला म्हणाली होती, "रडणं हे माझं काम आहे. कामावरून घरी आल्यावर कुणी ओझी उचलतं का?"

केंद्राची इमारत जुनी, लांबच लांब बोळांची. फाटकावरच्या माणसानं विचारलं, कुठल्या विभागात? थोरलीनं सांगितलं, नाटक. नाटकवाले म्हणाले, निरोपाचं आमच्याकडे नाही, निवेदन विभागात जा. निवेदनवाले म्हणाले, आम्ही फक्त वाचतो. आवाज विभागात विचारा. आवाजवाल्यांनी कानावर हात ठेवले आणि पुन्हा नाटकाकडे बोट दाखवलं. दुसरी कुणी असती तर गोंधळली असती. थोरलीनं हा खेळ स्वतः वर्षानुवर्षं खेळला होता, समोरच्याला पुढच्या खिडकीवर पाठवून आपला चहा गरम गरम पिण्याचा. त्यामुळे तिला पक्कं माहीत होतं, की टोलवाटोलवी जिथून सुरू होते तिथल्या सर्वांत मोठ्या टेबलाशी जाऊन बसायचं असतं. ती सरळ नाटकविभागाच्या मुख्य साहेबांच्या दालनाकडे निघाली.

दालनाबाहेरच्या बोळात कलावंतांच्या तसबिरी होत्या. त्यांत एक तिच्या ओळखीची. एका हरवलेल्या बाळाचं नाटक या केंद्रानं केलं होतं, आठवड्याला एक भाग. ते इतकं गाजलं, की त्या वेळी दुकानदार लवकर दुकानं बंद करत. तसबिरीत त्या नाटकातली नायिका होती, मांडीवर गुटगुटीत बाळ घेऊन. ते बाळ कुणाचं होतं कोण जाणे, फोटोपुरतं उसनं आणलेलं. त्या दिवसांत ऐकणाऱ्या बायकांनी बाळासाठी लोकरीची टोपडी आणि मोजे विणून केंद्रात पाठवले होते, पेटी भरून. ती पेटी नायिकेच्या घरी गेली. का, तर ती बाळाची आई! जी खरी रडली तिला त्यातली मोज्यांची एक जोडी मिळाली, तीही तिनं हसत हसत मागून घेतली म्हणून. घरी येऊन तिनं ते इवलेसे मोजे दोन अंगठ्यांत घातले आणि मुलांपुढे नाचवले, "बघा, लोकांनी माझ्यासाठी पाठवलेत!" थोरली तेव्हा खूप हसली होती. आज त्या तसबिरीपुढे उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. इथे आई जन्मभर रडली, आणि दूध पिऊन मात्र दुसरेच गेले.

साहेब सभ्य होते, हेच मोठं कठीण होतं. उद्धट माणसाशी भांडता येतं. सभ्य माणूस हातातून साबणासारखा निसटतो. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि डोळे मिटून दुःख व्यक्त केलं.

"बाळबाई म्हणजे आमच्या घरच्याच होत्या हो."

"मग आज संध्याकाळी त्यांचं मिनिट आहे ना?"

साहेबांनी डोळे उघडले. "त्याचं असं आहे, ताई... निरोपाचं मिनिट हे कलावंतांचं असतं."

"आणि माझी आई?"

"त्या कलावंत नव्हत्या असं मी म्हणत नाही. गैरसमज करून घेऊ नका. पण व्यवस्थेच्या दृष्टीनं त्या ध्वनींमध्ये मोडतात. म्हणजे पाऊस, गाडी, टाळ्या, रडणं. आता पाऊस पडायचा थांबला म्हणून काही आपण..."

"माझी आई पाऊस नव्हती."

"नाही, नाही. तसं नव्हे." साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "शिवाय लावणार काय? निवेदक म्हणणार, आता ऐकू या त्यांचा आवाज, आणि मूल रडणार. लोक हसतील. तुम्हालाच वाईट वाटेल. आमची प्रथा आहे, कलावंताचं बोलणं लावायचं. निदान एखादा शब्द. बाळबाईंनी या केंद्रात कधी माइकवर एक शब्द उच्चारला नाही."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच थोरलीला जास्त झोंबलं. आईला बोलायचं होतं. ती इथे पहिल्यांदा आली ती नटी व्हायला. आवाज किनरा म्हणून परत पाठवली. नंतरही कितीदा तिनं विचारलं, एखादी शेजारीण द्या, दाई द्या, दोन वाक्यांची मोलकरीण द्या. तुमचं रडणंच इतकं छान आहे बाळबाई, बोलायचं कशाला, असं म्हणून तोंडाला पानं पुसली. आणि आता हेच लोक म्हणत होते, ती बोलली कुठे?

"शब्द असला तर लावाल?" थोरलीनं विचारलं.

"अवश्य. पण नाही ना."

"असला तर?"

"ताई, असता तर मीच लावला असता." साहेब उभे राहिले, म्हणजे बोलणं संपलं. "आणा, लगेच लावू."

ज्याला नाही म्हणायचं धैर्य नसतं, तो असा 'आणा' म्हणतो. थोरलीनंही लोकांना म्हटलं होतं, पावती आणा, लगेच देते. ती उठली आणि आणायला निघाली.

आवाजांची खोली बोळाच्या टोकाला होती. तिथे घोडेमास्तर बसायचे. नाटकातले घोडे करवंट्या आपटून धावायचे, त्या करवंट्या यांच्या. दारं, पावलं, वादळं, तलवारी, सगळं यांचं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी रोज यायचे, कारण जुन्या फितींच्या रिळांत कुठे काय आहे हे त्यांच्याखेरीज कुणालाच सांगता येत नसे. थोरलीला बघून ते खुर्चीवरून उठले. नुसते तिचे दोन्ही हात धरून उभे राहिले. सकाळपासून या इमारतीत तिला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याचे डोळे लाल होते.

तिनं साहेबांचं बोलणं सांगितलं. मास्तर ऐकता ऐकता तापले.

"ध्वनी म्हणे! मग मी गेलो की काय करणार? दार वाजवणार? वाजवू दे, मी काही येत नाही उघडायला!" ते पुन्हा खुर्चीत बसले. "तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस पोरी. तुझी आई नापास होऊन याच बोळातून घरी निघाली होती. आत नाटक अडलेलं. एक खरं तान्हं रडायला आणलेलं, आणि ते कार्टं हसत होतं. दिवा बघून हसे, माइक बघून हसे. शेवटी एकानं त्याला चिमटा काढला. ते कळवळलं, पण माइक लागेपर्यंत पुन्हा गप्प. मग दुसरा चिमटा. तुझी आई दारातून हे बघत होती. तरातरा आत आली, त्या माणसाचा हात झटकला. म्हणाली, 'सोडा त्याला! तुम्हाला रडणंच हवंय ना?' आणि माइकपुढे पाठ फिरवून उभी राहिली नि अशी रडली, की ते हसरं पोरसुद्धा घाबरून तिच्याबरोबर रडायला लागलं." मास्तरांनी नाक पुसलं. "त्या दिवसापासून या इमारतीत एकाही लेकराला चिमटा बसला नाही. आणि हे म्हणतात ध्वनी."

थोरलीला हे माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं. घरी ती एवढंच सांगायची, की मला आपलं रडायला घेतलं. आणि हे मात्र सांगायची, रेडिओ ऐकताना, चिडून, "हे माझं भुकेचं रडणं आहे. इथे झोपेचं हवं होतं. गाढव लेकाचे!" कारण शेवटी शेवटी तिला बोलावणं बंद झालं होतं. एका दुपारी तिच्याकडून सगळी रडणी एकदम रडून घेतली, भुकेचं, झोपेचं, पोटदुखीचं, जन्मल्याचं, दुसऱ्या खोलीतलं. आणि मग तिची गरजच उरली नाही. गरज सरो, वैद्य मरो. तिच्याच आवाजानं तिला घरी बसवलं.

"मास्तर, ती कधीच काही बोलली नाही का इथे?" थोरलीनं विचारलं. "एखादा शब्द?"

"बोलायची की! दर वेळी बोलायची!" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच थबकले. "अगं, तिला रडताना कुणी बघितलेलं चालायचं नाही. लगेच हसू फुटायचं. म्हणून काचेकडे पाठ करून उभी राहायची. आता पाठ केल्यावर सुरू करायचा लाल दिवा दिसणार कसा? म्हणून विचारायची, तोंडानं. 'साहेब, रडू का?' पलीकडून सांगायचे, 'हं, रडा,' मग रडायची. दर वेळी. रडणं फळीवर गेलं, आणि विचारणं कापून टाकलं."

"टाकून दिलं?"

हळूहळू मास्तरांच्या तोंडावर हसू पसरलं.

"टाकत नव्हतो आम्ही. काटकसर होती ना. रीळ मशीनला लावताना फितीचं तोंड चुरगळतं, फाटतं. म्हणून चांगल्या रिळाच्या तोंडाला वाया गेलेल्या फितीचा तुकडा चिकटवायचा. म्हणजे चुरगळला तर तो चुरगळेल. तो काही कुणी ऐकत नाही; तो पुढे गेला की मग आवाज सोडायचा. बाळबाईचे तुकडे लांबीला नेमके असायचे. पोरी, या खोलीतल्या निम्म्या रिळांच्या तोंडाशी तुझी आई असेल! मोठमोठे लोक इथे बोलून गेले, ते सगळे तिच्या मागे रांगेत उभे आहेत."

दोघं कामाला लागले. जुनं मशीन कोपऱ्यात झाकलेलं होतं, ते उघडलं. पहिल्या रिळाच्या तोंडाशी कुणाचा तरी खोकला निघाला. दुसऱ्यावर नुसती खरखर. एका नामांकित वक्त्याच्या भाषणाआधी, "...डू का?" एवढंच. अर्धाच, पण तो आवाज. थोरलीनं मशीनच्या कडेला धरलं. मास्तर म्हणाले, "धीर धर." जेवणाची वेळ टळून गेली. टेबलावर फितीच्या वेटोळ्यांचा ढीग झाला. मग मास्तरांनी एक रीळ उचललं, डबीवरचं वाचलं, आणि मुद्दाम वाकडं तोंड करून दाखवलं. हरवलेल्या बाळाच्या नाटकातल्या त्याच नायिकेची मुलाखत होती.

रीळ फिरलं. आईचा आवाज आला, स्वच्छ, जवळून, तरुण.

"साहेब, रडू का?"

आणि पलीकडून एक पुरुषी आवाज, भोवतीच्या हसण्यासकट, "थांबा हो बाळबाई, चहा तरी संपू दे! तुमचं रडणं कुठं पळून चाललंय?"

क्षणभर काहीच नाही. मग आई म्हणाली, "बरं."

मास्तरांनी मशीन थांबवलं. त्यांना तो पुरुषी आवाज ओळखता आला होता. थोरलीलाही आला. सकाळीच त्या आवाजानं तिला पाणी विचारलं होतं.

साहेबांना त्यांनी आवाजांच्या खोलीत बोलावून आणलं आणि काही न सांगता ते ऐकवलं. साहेब उभ्यानं ऐकत होते. पहिल्या वाक्याला त्यांनी मान हलवली, छान, छान. दुसऱ्याला ती मान तिथेच थांबली. आईचं "बरं" संपलं तरी ते मशीनकडेच बघत होते.

"मी तेव्हा नवीन होतो," शेवटी ते म्हणाले. "पोरसवदा होतो. थट्टा करायचो सगळ्यांची."

"शब्द आणलाय मी," थोरली म्हणाली.

"हो, हो. लावू ना. लावूच. फक्त ते मधलं..." त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "माझ्या घरचे ऐकतात हो. नातवंडं ऐकतात."

थोरलीच्या मनात आलं, ऐकू दे. जगाला ऐकू दे. चहा संपेपर्यंत एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती, रडायची परवानगी मागत, आणि हे काचेपलीकडे फुरके मारत होते! याच्या नातवंडांना कळू दे, आजोबांचा चहा कसा संपायचा. ते शब्द अगदी ओठावर आले. मग तिला वाटलं, हे मिनिट किती लहान आहे. त्यात हा माणूस आला तर उद्या लोक याच्याबद्दलच बोलतील. आईसाठी आलेले मोजे पुन्हा दुसऱ्याच्याच घरी जातील.

"काढा तुमचा आवाज," ती म्हणाली. "मिनिट माझ्या आईचं आहे. त्यात तुमचं काय काम?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. मास्तरांनी कात्री घेतली. "मग दोन्ही टोकं जोडून टाकतो. विचारलं, नि लगेच बरं."

"नाही. जोडायचं नाही," थोरली म्हणाली. "तेवढ्या जागी कोरी फीत लावा. जेवढं हे बोलले तेवढीच, चांगली मोजून. ती थांबली होती, ते लोकांना ऐकू दे. आणि साहेब, निवेदकाला लिहून द्या, कलावंत. ध्वनी नाही."

साहेबांनी तिथेच, मास्तरांच्या टेबलावर वाकून, कागदावर ते लिहिलं. मास्तरांनी विचारलं, पुढे रडणं कुठलं जोडू? थोरलीला विचार करावा लागला नाही. झोपेचं. आधी हट्टानं, मग रेंगाळत, मग दमून हळूहळू विझत जाणारं. ते आईला सर्वांत छान जमायचं.

संध्याकाळी घर भरलं होतं. मावशी होती, खालच्या मजल्यावरचे काका होते, आता काठी टेकत वर आलेले. धाकट्यानं स्वतःहून रेडिओ मधल्या टेबलावर आणून ठेवला होता आणि बायकोच्या मांडीवरचं बाळ अंगठा चोखत होतं. थोरली आईच्या खुर्चीजवळ उभी राहिली. बसली नाही.

निवेदकानं आईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, जे या घरातही कुणी वर्षानुवर्षं उच्चारलं नव्हतं. "ज्येष्ठ नाट्यकलावंत," तो म्हणाला. धाकटा चटकन उठून उभा राहिला. मग काकाही, काठीवर भार देत.

"साहेब, रडू का?"

खोलीत आई आली. मावशीनं तोंडाला पदर लावला. आणि मग काहीच नाही. रेडिओतून काहीच येईना. मावशी घाबरून म्हणाली, "बंद पडला की काय?" धाकट्यानं बटणाकडे हात नेला.

थोरलीनं तो हात धरला. तिला माहीत होतं किती लांबीची फीत आहे ती. तिनंच मोजून घेतली होती. तरीही तिला ते सहन होईना. आई तिथे उभी होती, पाठ फिरवून, कुणीतरी हो म्हणेल म्हणून वाट बघत; आणि जन्मभर उभी होती तशीच. थोरलीचा राग, सकाळपासून नव्हे, लहानपणापासूनचा, गळ्यापर्यंत आला आणि फुटला.

"रड गं आई!" ती ओरडली. "रड तू! कुणाला विचारतेस?"

"बरं," आई म्हणाली.

आणि रडायला लागली.